छत्री आपली, बॉक्स कुणाचा?

डिश बसवायला आलेला मुलगा गच्चीच्या भिंतीला चार भोके पाडतो, छत्रीचे तोंड आभाळाकडे वळवतो, टीव्हीवर चित्र आले की एका कागदावर सही घेतो आणि निघून जातो. तो कागद कुणी वाचत नाही. पैसे मोजले, पावती मिळाली, वस्तू घरात आली, म्हणजे ती आपली, असा आपल्याकडचा सरळ हिशोब. पण गेल्या वीस वर्षांत कोट्यवधी घरांनी सही केलेल्या त्या कागदांपैकी पुष्कळांवर लिहिलेले असते की बॉक्स कंपनीच्या मालकीचा आहे, ग्राहकाला तो फक्त वापरायला दिला आहे. काही ठिकाणी बॉक्स ग्राहकाचा असतो, पण आत सरकवलेले कार्ड कंपनीचे. कार्डाशिवाय बॉक्स म्हणजे तबकड्या नसलेला ग्रामोफोन.

या व्यवहाराचे शब्द मराठीला नवे नाहीत. 'इजारा' अरबीतून आला. मोबदला देऊन घेतलेला वापर हा त्याचा मूळ अर्थ. फिक्‌हच्या ग्रंथांत 'बै' म्हणजे विक्री आणि 'इजारा' म्हणजे भाडे, यांची प्रकरणे वेगवेगळी असतात. विक्रीत वस्तू आणि तिची जोखीम दोन्ही घेणाऱ्याकडे जातात. भाड्यात फक्त उपयोग जातो. वस्तू मालकाची, आणि भाडेकरूच्या हलगर्जीपणाशिवाय ती मोडली तर तोटाही मालकाचा. पुढे आपल्याकडच्या महसुली कारभारात हाच शब्द ठराविक रकमेला वसूल उचलण्यासाठी रूढ झाला. 'मक्ता' त्याचाच जोडीदार, आणि मक्त्यावरून 'मक्तेदारी' झाली. भाड्याचा करार आणि एकाधिकार यांची सोयरीक भाषेला आधीच कळली होती असे म्हणायचा मोह होतो. पण शब्दांच्या गमतीपेक्षा बॉक्सचा इतिहास जास्त बोलका आहे.

त्याची सुरुवात रेडिओपासून करावी लागते. आपल्या आजोबांच्या पिढीने रेडिओ रोख पैसे देऊन विकत घेतला, त्यावर विणलेले झाकण घातले, पण तो लावायला सरकारचा परवाना लागे. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी यंत्रांचा कायदा यांनी रेडिओलहरी पकडणारे यंत्र बाळगणे हीच परवानगीची बाब करून टाकली होती. दरवर्षी पोस्टात जायचे, शुल्क भरायचे, परवान्याच्या पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. यंत्र तुमचे, ऐकण्याची मुभा दुसऱ्याची, ही विभागणी उपग्रह येण्याच्या कितीतरी आधी आपल्या अंगवळणी पडलेली होती.

उपग्रहावरून थेट टीव्ही पाहणारे पहिले भारतीय शहरातले नव्हते, आणि त्यांच्याकडे स्वतःचा टीव्हीही नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साईट' हा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सरकारने टीव्ही संच ठेवले. सोबत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची छत्री. शाळेच्या किंवा पंचायतीच्या ओट्यावर गाव जमायचे आणि शेती, आरोग्य, शाळेचे धडे असे कार्यक्रम पाहायचे. महाराष्ट्रातले एकही गाव यात नव्हते, पण प्रयोगाच्या उभारणीत कोल्हापूरच्या डॉ. एकनाथ चिटणीसांचा वाटा मोठा होता. जगभर त्याचे कौतुक झाले. ऑर्थर सी. क्लार्क यांच्या कोलंबोतल्या घरीसुद्धा भारतीय तंत्रज्ञांनी एक छत्री उभी करून दिली होती.

या प्रयोगाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र त्याच्या शेवटात आहे. छत्री सरकारची, संच सरकारचा, कार्यक्रम सरकारचे. पण उपग्रह अमेरिकेचा. एटीएस-६ हा नासाचा उपग्रह एका वर्षासाठी मिळाला होता. वर्ष संपले, उपग्रह आपल्या जागेवरून हलवला गेला, आणि गावोगावची जाळी आभाळाकडे तोंड करून नुसती उभी राहिली. पुढे काही भागांत जमिनीवरचे प्रक्षेपक उभारून कार्यक्रम चालू ठेवले गेले, पण सगळीकडे नाही. संच कुणाचा हा प्रश्न तिथे दुय्यम होता. वरचा दोर कुणाच्या हातात आहे, त्यावर खालचे सगळे अवलंबून. पुढची सगळी कहाणी याच दोराची आहे.

१९९१च्या आखाती युद्धाने शहरी भारताला छत्रीची ओळख करून दिली. सीएनएनवर बगदादवरचे बॉम्ब दिसत होते, आणि ते पाहायला मोठी हॉटेले आणि हौशी श्रीमंत लोक छत्र्या लावत होते. आखातात ज्यांचे बाप, भाऊ नोकरीला होते, त्या कोकणातल्या घरांना ती हौस नव्हती, काळजी होती. त्यांच्याकडे मात्र दूरदर्शन आणि बीबीसीचा रेडिओच होता. त्याच वर्षी स्टार टीव्ही सुरू झाला, २ ऑक्टोबर १९९२ला झी. सी-बँडची छत्री आठ-दहा-बारा फुटांची, एका घराला न परवडणारी. म्हणून केबलवाला जन्माला आला. त्याने छत्री एका गच्चीवर लावली आणि गल्लीभर वायर टाकली. ग्राहकाकडे बॉक्स नव्हता, करार नव्हता, पावतीही बहुधा नव्हती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलगा यायचा, पैसे घेऊन जायचा. वायर त्याची, टीव्ही आपला. भांडण झाले तर तो वायर कापायचा आणि आपण दुसऱ्याला बोलवायचो, अर्थात गल्लीत दुसरा असेल तर. केबलवाल्याला आपण पुष्कळ नावे ठेवली, त्यातली बरीच रास्त होती. पण घर बदलले म्हणून अडगळीत टाकावी लागेल अशी एकही वस्तू त्याने आपल्याला विकली नाही.

बॉक्स आला तो मोजदादीसाठी. वाहिन्यांना वाटायचे की केबलवाला घरांचा खरा आकडा सांगत नाही; केबलवाला म्हणायचा वाहिन्या मनाला येईल तसे दर वाढवतात. प्रत्येक घरात कुलूप लावलेला बॉक्स बसवला की आकडा आपोआप कळणार. उपग्रहावरून थेट घरात देणाऱ्या डीटीएचला तर बॉक्सशिवाय गत्यंतरच नव्हते. रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने डीटीएचची जय्यत तयारी केली तेव्हा सरकार घाबरले आणि जुलै १९९७मध्ये ४,८०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर टीव्ही घेण्याची उपकरणे वापरायलाच बंदी घातली. त्यासाठी आधार पुन्हा तोच, १८८५चा तार कायदा. ही बंदी जानेवारी २००१मध्ये उठली आणि १५ मार्च २००१ला परवान्याचे नियम आले.

त्या नियमांत एक कलम फार चांगले होते. बॉक्स कोणा एका कंपनीच्या खासगी तंत्राला बांधलेला नसावा, एका सेवेचा बॉक्स दुसऱ्या सेवेलाही चालावा. म्हणजे मिक्सर जसा कोणत्याही वीज कंपनीच्या विजेवर चालतो तसा. त्यासाठी बॉक्सला एक खाच असायची. तिच्यात दुसऱ्या कंपनीचे उलगडा करणारे छोटे यंत्र आणि कार्ड बसवायचे. कागदावर व्यवस्था नामी. प्रत्यक्षात ते यंत्र एवढे महाग पडायचे की त्यापेक्षा नवा बॉक्स घेणे बरे. त्यात पहिल्या कंपन्या एमपेग-२ या पद्धतीने चित्र पाठवत होत्या आणि नंतर आलेल्या एमपेग-४ने. जुन्या बॉक्सला नवी पद्धत वाचताच येत नाही, खाच असो वा नसो. कलम परवान्यात राहिले, खाच बॉक्समध्ये राहिली, आणि एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे नेलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

दरम्यान केबलच्या बाजूला 'कॅस' आले. २००३मध्ये चार महानगरांत ते लागू करायचे ठरले. बॉक्ससाठी एवढे पैसे एकदम कोण देणार यावरून गदारोळ झाला आणि त्या वर्षी ते फक्त चेन्नईत उरले. न्यायालयाच्या रेट्यानंतर ३१ डिसेंबर २००६पासून दक्षिण मुंबई आणि दिल्ली-कोलकात्याच्या काही भागांत पुन्हा सुरू झाले. या वेळी 'ट्राय'ने बॉक्सच्या भाड्याचे दर ठरवून दिले. एक पर्याय ९९९ रुपये ठेव आणि महिना ३० रुपये भाडे. दुसरा २५० रुपये ठेव आणि महिना ४५ रुपये.

या दोन ओळींवर जरा थांबायला हवे. ठेवीतला फरक ७४९ रुपये, भाड्यातला महिन्याला १५, म्हणजे वर्षाला १८०. ७४९ रुपये आज हाताशी नाहीत याची ही किंमत. टक्केवारीत मांडली तर साधारण २४ टक्के दरसाल. दक्षिण मुंबई म्हटले की मलबार हिल आठवते, पण डोंगरी, भेंडी बाजार, गिरगावच्या चाळी हीसुद्धा दक्षिण मुंबईच. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने दुसरा पर्याय घेतला असेल तर त्याने नकळत सावकारी दराने कर्ज घेतले. ट्रायचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. दर ठरवून दिलेच नसते तर चित्र याहून वाईट असते. पण 'भाडे म्हणजे गरिबाची सोय' हे वाक्य ऐकले की मला हे दोन आकडे आठवतात.

डीटीएचसाठी ट्रायने ३१ ऑगस्ट २००७ला सेवेच्या दर्जाचे नियम काढले. त्यात ग्राहकाला तीन वाटा ठेवल्या: बॉक्स सरळ विकत घ्या, हप्त्याहप्त्याने भाडेखरेदी करा, किंवा भाड्याने घ्या. तांत्रिक अदलाबदल होत नाही तर निदान व्यापारी अदलाबदल व्हावी, म्हणजे सेवा सोडताना बॉक्स परत करून काही पैसे मिळावेत, असा विचार होता. यात एक गंमत आहे. भाडेखरेदीत ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा भारताच्या संसदेने १९७२मध्येच केला होता. तो कधी प्रत्यक्ष लागू झालाच नाही, आणि २००५मध्ये रद्द झाला. म्हणजे भाडेखरेदीचा पर्याय द्या असे ट्रायने सांगितले, तेव्हा त्या पर्यायाची स्वतंत्र चौकट मोडीत निघून दोन वर्षे झाली होती.

बाजारात घडले ते निराळेच. एकापाठोपाठ एक कंपन्या आल्या: डिश टीव्ही २००३मध्ये, टाटा स्काय २००६मध्ये, मग सन डायरेक्ट, रिलायन्सचा बिग टीव्ही, एअरटेल, व्हिडिओकॉन. ग्राहक ओढण्यासाठी प्रत्येकीने बॉक्स त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा बराच कमी दराने द्यायला सुरुवात केली. तोटा महिन्याच्या पैशातून भरून काढायचा. आता ज्या वस्तूची अर्धी किंमत आपण भरली आहे, ती ग्राहकाच्या मालकीची कशाला करायची? तो उद्या दुसऱ्या कंपनीकडे गेला तर? म्हणून पैसे 'जोडणी'चे किंवा 'बसवण्या'चे घेतले गेले आणि बॉक्स मात्र कंपनीच्या ताळेबंदात स्थिर मालमत्ता म्हणून राहिला. तिथे त्याचा घसारा काढता येतो. वाटून टाकलेल्या बॉक्सचा खर्च त्याच वर्षाच्या तोट्यात दाखवावा लागत नाही. अमेरिकेत डायरेक्टीव्हीने १ मार्च २००६पासून बॉक्स विकणे थांबवून भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्यामागेही असाच हिशोब होता. ब्रिटनमध्ये स्कायने १९९९मध्ये उलटी चाल खेळली. बॉक्स फुकट वाटला, पण तो वर्षभर फोनच्या तारेला जोडून ठेवायची अट घातली.

ब्रिटनचाच एक जुना दाखला द्यायला हवा, कारण भाडे ही मुळात वाईट गोष्ट नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत तिथली असंख्य घरे टीव्ही भाड्याने घेत. संच महाग, नळ्या वारंवार जात. बिघडला की दुकानाचा माणूस येऊन दुरुस्त करी, नाही झाला तर दुसरा संच ठेवून जाई, भाड्यातच. ग्राहकाने मालकी सोडली आणि त्याबरोबर काळजीही सोडली. आपल्या अनेक डीटीएच करारांत मात्र दोन्हीकडचे वाईट तेवढे ग्राहकाच्या पदरात पडले. मालकी कंपनीची, म्हणून विकता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही. पण हमीचा काळ संपल्यावर बॉक्स जळाला तर दुरुस्तीचे पैसे ग्राहकाचे, तंत्रज्ञाच्या फेरीचे पैसे ग्राहकाचे, नव्या बॉक्सचेही ग्राहकाचेच. भाडेकरूचे हक्क आणि मालकाची जोखीम! इजाऱ्याच्या कुठल्याही जुन्या नियमात हे बसले नसते.

विक्री की वापर, हा घोळ सरकारी कर खात्यालाही सुटत नव्हता. १९८२च्या ४६व्या घटनादुरुस्तीने वस्तू 'वापरण्याचा हक्क' देणे हीसुद्धा करापुरती विक्रीच धरली गेली. मोबाइलच्या सिम कार्डाबद्दल हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००६मध्ये न्यायालयाने सांगितले की लहरी म्हणजे माल नव्हे, आणि सिम कार्ड विकले की सेवेचा भाग म्हणून दिले हे दोन्ही पक्षांच्या हेतूवर ठरेल. हेतू! ग्राहकाचा हेतू कुणी विचारला असता तर त्याने सांगितले असते, मी बॉक्स विकत आणला.

आणि विकत घेऊन तरी काय, हे दोन प्रसंगांनी दाखवले. ७ जुलै २०१०ला इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्याचे निम्मे प्रक्षेपक बंद करावे लागले. सन डायरेक्टच्या ग्राहकांच्या छत्र्या त्याच्याकडे तोंड करून होत्या. कंपनीने मलेशियाच्या मेझॅट-३वर आसरा घेतला, आणि घरोघरच्या छत्र्या नव्या दिशेला वळवाव्या लागल्या. कंपनीसुद्धा आभाळात भाडेकरूच, हे त्या दिवसांत उघड झाले. दुसरा प्रसंग जास्त कटू. रिलायन्सचा बिग टीव्ही २०१७च्या अखेरीस दुसऱ्या हातांत गेला, नाव बदलून इंडिपेंडंट टीव्ही झाले, आणि २०१९मध्ये सेवा बंद पडली. ज्यांनी वर्षभराचे पैसे आगाऊ भरले होते त्यांच्याकडे चांगला चालू स्थितीतला बॉक्स होता, छत्री होती, आणि काळा पडदा होता. साईटच्या गावांत १९७६मध्ये झाले तेच. फरक एवढाच की त्या गावकऱ्यांनी पैसे दिले नव्हते.

मालकीला भूगोलाचीही सीमा असते, हे आखातातल्या आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. भारतीय डीटीएचचे संकेत समुद्र ओलांडून आखातापर्यंत पोहोचतात. त्यामुळे रत्नागिरी-रायगडातून सुट्टी संपवून परत जाताना बॅगेत आंब्याच्या पेटीशेजारी सेट टॉप बॉक्स नेणारे पुष्कळ होते. रिचार्ज इकडून भाऊ करायचा. घरी मराठी बातम्या, बायकोला मालिका, मुलांना क्रिकेट. पण करारात सेवा भारतापुरती, आणि तिकडच्या परवानाधारक कंपन्यांच्या दृष्टीने ही चोरी. पैसे भरलेला, नियमाने घेतलेला बॉक्स विमानातून उतरला की बेकायदा व्हायचा. मजुरांच्या खोलीत दहा जण मिळून तो पाहत असत. त्यांना तिथली महागडी सेवा परवडणारी नव्हती, आणि तिच्यात मराठी वाहिनी मिळेल याची खात्रीही नव्हती.

या सगळ्या गुंत्यात एक साधी वाट पहिल्यापासून होती. १६ डिसेंबर २००४ला दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केली. ३३ वाहिन्या, मासिक शुल्क नाही, कुलूप नाही. बॉक्स आणि छत्री बाजारातून कुठल्याही दुकानदाराकडून रोखीने घ्या, बिघडला तर गल्लीतल्या मेकॅनिककडून दुरुस्त करा, नको झाला तर भाच्याला द्या. पुढे तिचे नाव फ्री डिश झाले, वाहिन्या वाढल्या, आणि गाव-वस्त्यांत, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीच्या खोप्यांवर हीच छत्री दिसू लागली. शहरातल्या मध्यमवर्गाने तिला गरिबांची डिश म्हणून नाक मुरडले. पण बॉक्सची खरी, बिनअटीची मालकी त्या गरिबांकडेच होती. खर्च वाहिन्यांकडून निघतो. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो आणि वाहिन्या त्या भाड्याने घेतात. वाहिनीने पैसे देणे थांबवले की ती एक दिवस गायब होते. फुकट गोष्टीलाही कुठेतरी भाडे असतेच, फक्त ते भरणारा वेगळा.

एप्रिल २०२०मध्ये ट्रायने पुन्हा शिफारस केली की सगळे सेट टॉप बॉक्स अदलाबदल करता येतील असेच असावेत, आणि त्यासाठी यूएसबीसारख्या सोप्या जोडणीचा मार्ग सुचवला. २००१च्या त्या कलमानंतर तब्बल एकोणीस वर्षांनी. तोवर लोक मोबाइलवर मालिका पाहू लागले होते आणि डीटीएचचे ग्राहक गळायला लागले होते. मग भारतीय मानक ब्युरोने टीव्हीच्या आतच उपग्रह ट्यूनर बसवण्याचे मानक काढले, आयएस १८११२ : २०२२. असा टीव्ही असला की फ्री डिशसाठी बॉक्स लागत नाही. छत्रीची वायर थेट टीव्हीला. पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांसाठी मात्र बॉक्स अजून कंपनीचाच लागतो, आणि एकीचा दुसरीला चालत नाही.